शेव्हर्ले ॲडव्हान्स डिझाइन पिकअप : मूळ घडणीची ओळख

जनरल मोटर्सच्या शेव्हर्ले विभागाने अमेरिकेत १९४७ ते १९५५ या काळात बांधलेल्या हलक्या मालवाहू गाड्यांना ‘ॲडव्हान्स डिझाइन’ मालिका म्हणतात. या मालिकेतील एखादी गाडी किंवा तिचा सुटा भाग कारखान्यातून निघाला तसाच आहे की पुढे बदलला गेला, हे क्रमांक, ओतकामावरील खुणा आणि घडणीतील बारकावे पडताळून ठरवतात. मालिकेत अर्धा टन (३१००), पाऊण टन (३६००) आणि एक टन (३८००) असे तीन हलके वर्ग होते. संग्राहकांकडे आज सर्वाधिक आढळते ती ३१००, आणि पुढील विवेचन मुख्यतः तिच्याविषयी आहे. तिच्या चाकांमधील अंतर ११६ इंच, हौद्याची (माल ठेवण्याच्या मागच्या उघड्या भागाची) लांबी साडेसहा फूट व प्रत्येक चाकाला सहा बोल्ट. पाऊण टनी गाडीच्या चाकाला आठ बोल्ट असतात, तेव्हा वर्ग ओळखण्यास बॉनेटवरील आकड्यापेक्षा चाक बरे. आकडा कोणीही बदलू शकतो.

कालमर्यादा : मालिका १९४७ च्या जून महिन्याच्या अखेरीस बाजारात आली, असे सामान्यतः मानले जाते. त्याच वर्षाच्या पूर्वार्धात युद्धपूर्व घडणीच्या गाड्याही बनत होत्या. शेवटाकडेही असाच गुंता आहे. १९५५ च्या मार्चमध्ये ‘टास्क फोर्स’ ही नवी मालिका आली. तोपर्यंत त्या वर्षी बनलेल्या जुन्या घडणीच्या गाड्यांना ‘१९५५, पहिली मालिका’ म्हणतात. म्हणून कागदपत्रांवर नुसते १९४७ किंवा १९५५ असेल, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

अनुक्रमांक : डाव्या दाराच्या बिजागरीच्या खांबावर एक धातूची पाटी असते. तिच्यावर गाडीचा अनुक्रमांक व भारासह कमाल वजन कोरलेले असते. अनुक्रमांकातील आरंभीचा आकडा जुळणी कारखान्याचा : १ फ्लिंट, २ टॅरीटाउन, ३ सेंट लुइस, ५ कॅन्सस सिटी, ६ ओकलंड, ८ अटलांटा, ९ नॉरवुड, १४ बॉल्टिमोर, २१ जेन्सव्हिल. त्यानंतरची दोन अक्षरे वर्ष व वर्ग सांगतात. अर्ध्या टनाच्या गाडीस १९४७ मध्ये ई-पी, १९४८ मध्ये एफ-पी, १९४९ मध्ये जी-पी, १९५० मध्ये एच-पी, १९५१ मध्ये जे-पी व १९५२ मध्ये के-पी अशी अक्षरे होती. पाऊण टनाला ‘पी’च्या जागी ‘आर’ आणि एक टनाला ‘एस’ येतो. पुढचे अक्षर महिन्याचे, ‘ए’ म्हणजे जानेवारी ते ‘एल’ म्हणजे डिसेंबर. ‘३-जी-पी-एफ’ने सुरू होणारा अनुक्रमांक सेंट लुइस येथे जूनमध्ये जुळवलेल्या १९४९ च्या अर्ध्या टनी गाडीचा होय. १९५३ पासून ही पद्धत बदलली आणि अर्ध्या टनाला ‘एच’ हे एकच अक्षर वर्षाच्या आकड्यांसह येऊ लागले. पाटीचा रंगही त्या वर्षी बदलला : आधी काळ्यावर रुपेरी अक्षरे, नंतर निळ्यावर रुपेरी. या पाट्यांच्या कोऱ्या प्रतिकृती विकत मिळतात. त्यामुळे १९५० च्या गाडीवर निळी पाटी दिसली की शंका घ्यावी. काळी दिसली म्हणून मात्र निर्धास्त राहू नये.

आणखी एक अडचण अमेरिकेतील नोंदणीची आहे. त्या काळी अनेक राज्यांत गाडीची नोंद पाटीवरील अनुक्रमांकाऐवजी इंजिन क्रमांकावर होत असे. इंजिन बदलले की कागद आणि गाडी यांची फारकत होई. कागदावरील क्रमांक पाटीशी जुळत नाही, एवढ्यावरून लबाडीचा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

इंजिन : १९५३ पर्यंत ३१०० मध्ये २१६ घन इंचांचे सहा सिलिंडरांचे इंजिन होते. १९५४ मध्ये त्याची जागा २३५ घन इंचांच्या इंजिनाने घेतली. २१६ मध्ये बॅबिट या मऊ मिश्रधातूचे ओतीव बेअरिंग असून कनेक्टिंग रॉडच्या टोकांना तेल शिंतोड्यांनी व फवाऱ्याने पोचते. १९५४ च्या २३५ मध्ये दाबाखालील वंगण आहे. बाहेरून ओळखायचे तर पुशरॉडांवरील (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यांवरील) बाजूचे झाकण पाहावे. २१६ चे झाकण उंच, थेट सिलिंडर हेडच्या बाजूने वर चढलेले असते. नंतरच्या २३५ चे ठेंगणे. जुन्या गाडीत २३५ बसवणे हा सर्वांत प्रचलित बदल आहे, आणि चालवणाऱ्याच्या दृष्टीने तो शहाणपणाचाही आहे. पण मूळ घडण ती नव्हे.

इंजिनाच्या ठोकळ्यावर ओतकामाची तारीख उठावदार अक्षरांत असते : महिन्याचे अक्षर, दिवस व वर्षाचा केवळ शेवटचा आकडा. शेवटी ‘३’ असेल तर साल १९४३, १९५३ की १९६३, हे ओतकामाच्या साचा क्रमांकावरून ठरते. येथे साधा तर्क निर्णायक होतो. ठोकळा गाडीच्या आधी ओतलेला असलाच पाहिजे. पाटी जून १९४९ सांगत असेल आणि ठोकळा त्याच वर्षीच्या सप्टेंबरचा असेल, तर ते गाडीचे पहिले इंजिन असू शकत नाही, मग इंजिनाच्या डिस्ट्रिब्युटरजवळच्या सपाट भागावर ठोकलेला क्रमांक कितीही जुना दिसो. उलट ठोकळा मे महिन्यातला निघाला तर तो मूळ असण्याचा संभव वाढतो. सिद्ध होत नाही.

केबिन व बाह्यांग : मालिकाभर केबिनचा साचा तोच राहिल्याने १९५१ चे दार १९४८ च्या गाडीला फारशी खटपट न करता बसते. वर्षागणिक झालेले छोटे बदल म्हणूनच मोलाचे. १९४७ व १९४८ मध्ये पेट्रोलची टाकी हौद्याखाली होती आणि भरण्याचे तोंड हौद्याच्या उजव्या अंगाला. १९४९ मध्ये टाकी आसनामागे उभी आली, तोंड उजव्या दाराच्या मुठीमागे गेले, आणि बॉनेटच्या बाजूला ‘थ्रिफ्टमास्टर’ या नावाऐवजी वर्गाचा आकडा आला. १९५० मध्ये तरफेच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या जागी दुर्बिणीसारखे नळकांडी आले. १९५१ मध्ये दारांना पुढची तिकोनी हवेची काच मिळाली व ब्रेक बेंडिक्स पद्धतीचे झाले. १९५२ मध्ये दाराची फिरवायची मूठ जाऊन बटण दाबायची मूठ आली, आणि वेगमापकाची मर्यादा ताशी ८० मैलांवरून ९० वर गेली. १९५४ चा बदल सर्वांत मोठा : मधल्या पट्टीने जोडलेल्या दोन काचांऐवजी एकसंध वक्र काच, पाच आडव्या पट्ट्यांऐवजी भरभक्कम आडवी-उभी जाळी, चौकोनी मागच्या दिव्यांऐवजी गोल दिवे.

केबिनच्या मागच्या कोपऱ्यांतील वळणदार काचा जादा किंमत देऊन मिळत. हौशी लोकांत त्यांचा भाव मोठा असल्याने साध्या केबिनला त्या नंतर बसवल्याची उदाहरणे आहेत. आतून पत्र्याच्या कडा पाहिल्यास जोडकाम व खाली भरलेली लांबी (पुट्टी) लक्षात येते. क्रोमचेही तसेच. कोरियन युद्धाच्या काळात निकेल-क्रोमचा तुटवडा पडला व चकाकणाऱ्या अनेक भागांवर कारखान्यातच रंग दिला गेला. १९५२ ची गाडी नखशिखांत चकाकत असेल, तर ती मालकाची हौस असण्याची शक्यता अधिक. डावीकडचा मागचा दिवा तेवढा सर्व गाड्यांना मिळे. उजवा दिवा, हीटर, रेडिओ या मागणीनुसार घ्यायच्या वस्तू. विजेची रचना अखेरपर्यंत ६ व्होल्टची होती.

हौद्याच्या फळ्या : अभ्यासकांत सर्वाधिक वाद यावर आहे. हौद्याचा तळ लाकडी फळ्यांचा, मध्ये पोलादी पट्ट्या. फळ्यांची संख्या १९५१ च्या मध्यावर नऊवरून आठ झाली, येथपर्यंत एकमत आहे. लाकूड बहुधा दक्षिणी पिवळा पाइन होते, असेही बहुतेक मानतात. प्रश्न रंगाचा. एका मतानुसार जुळणीपूर्वीच फळ्यांना काळा लेप दिला जाई. दुसऱ्या मतानुसार हौदा पूर्ण जुळवून मग रंगवला जात असल्याने फळ्या व पट्ट्या गाडीच्याच रंगाच्या निघत. दोन्ही पक्ष जुन्या फळ्यांच्या खालच्या अंगावर व बोल्टच्या डोक्यांखाली टिकलेल्या रंगाचा दाखला देतात. कारखाने अनेक होते आणि वर्षे आठ, हे लक्षात घेता दोन्ही प्रथा वेगवेगळ्या ठिकाणी किंवा काळी चालू असणे अशक्य नाही. आरंभीच्या वर्षांपुरते तरी काळ्या लेपाचे मत अधिक ग्राह्य वाटते. प्रदर्शनांत दिसणारा वार्निश केलेला ओक आणि चकचकीत पोलादी पट्ट्या यांना मात्र दोन्हींपैकी कोणत्याच मताचा आधार नाही. शेणखत, विटा, दुधाचे कॅन वाहणाऱ्या हौद्याला कोणी वार्निश देत नसतो. हौद्याच्या कडांचे वरचे काठ १९५३ पर्यंत उतरते व १९५४ पासून सपाट. फाळका (हौद्याचे मागचे झापड) सहज बदलता येतो, म्हणून त्याची साक्ष दुय्यम.

जीएमसी : जनरल मोटर्सच्याच जीएमसी या दुसऱ्या नाममुद्रेच्या, याच केबिनच्या गाड्यांची जाळी वेगळी व हलक्या वर्गातील इंजिन आरंभी २२८ घन इंचांचे होते. वरील अक्षरसंकेत त्यांना लागू नाहीत.

भारत : जनरल मोटर्सचा मुंबईतील शिवडी येथील जुळणी कारखाना १९२८ ते १९५४ चालला, म्हणजे ही मालिका त्याच्या अखेरच्या वर्षांतली. भारतात मालवाहू गाडी बहुधा नुसत्या चासीच्या व पुढच्या भागाच्या रूपात घेऊन तिच्यावर स्थानिक सुताराकडून लाकडी बॉडी बांधून घेत. पुढे पेट्रोल परवडेना तेव्हा पर्किन्ससारखी डिझेल इंजिने बसली. अशा गाडीवर अमेरिकी हौदा चढवून ती ‘कंपनी फिटिंग’ म्हणून दाखवणे उलट्या दिशेची चूक होय. मूळ सुतारी बॉडी टिकली असेल तर तीच तिची पहिली घडण धरावी. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये आलेली व्हिंटेज वाहनाची व्याख्या पन्नास वर्षांहून जुन्या, खासगी वापरातील दुचाकी व प्रवासी चारचाकी वाहनांची आहे. चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत फेरबदल झालेला नसावा, अशी तिची अट आहे. पिकअप मालवाहू वर्गात मोडत असल्याने ती या व्याख्येत सरळ बसत नाही. जुन्या वाहनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ फिव्हा तीस वर्षांची मर्यादा धरतो. त्याच्या २०१२ च्या ट्युरिन सनदेत नव्याने घडवण्यापेक्षा असलेले जपण्यावर भर आहे.