आधी अंदाज, मग उत्तर

बिडाचा तवा गॅसवर ठेवा आणि मिनिटभरानं त्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडा. चुर्र होतं आणि थेंब बघता बघता नाहीसे होतात. आता तवा आणखी चार-पाच मिनिटं मोठ्या आचेवर सणसणीत तापू द्या आणि पुन्हा थेंब शिंपडा. तवा पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेला आहे. मग थेंब आधीपेक्षा लवकर उडून जातील की उशिरा?

उत्तर मनाशी ठरवा, मगच पुढे वाचा.

आमच्या घरी हा प्रश्न निघाला तेव्हा सगळे म्हणाले, लवकर. एकटी आई म्हणाली, "छे, पळतात की ते! थेंब पळायला लागले म्हणजे तवा फार तापला, गॅस बारीक करायचा." चाळीस वर्षं घावन घालणाऱ्या बाईला अंदाज करावाच लागला नाही. सणसणीत तव्यावर थेंबाचा मोती होतो. तो चुर्र न करता गरगरत हिंडतो, आणि जरा मोठा असेल तर अर्धा मिनिटसुद्धा टिकतो.

कारण तो तव्याला टेकलेलाच नसतो. तवा साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेला की थेंबाच्या तळाशी असलेल्या पाण्याची तत्क्षणी वाफ होते आणि त्या वाफेच्या गादीवर उरलेला थेंब तरंगत राहतो. गादीची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. पण वाफेतून उष्णता फार हळू वाहते, त्यामुळे एवढी गादी पुरते. योहान गॉटलोब लायडेनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टरनं लोखंडी चमचा निखाऱ्यात लाल होईपर्यंत तापवला, त्यात थेंब टाकला आणि तो किती वेळ टिकतो हे लंबकाच्या झोक्यांवर मोजलं. १७५६ साली त्यानं हे सगळं लिहून छापलं, म्हणून याला लायडेनफ्रॉस्ट परिणाम म्हणतात. घरी करून बघणार असाल तर बिडाचा किंवा लोखंडी तवाच घ्या. नॉनस्टिक तवा रिकामा इतका तापवायचा नसतो.

हा प्रश्न निघाला तो आमच्या फ्रिजशेजारच्या छोट्या फळ्यामुळे. शाळेत रोज सकाळी फळ्यावर सुविचार आणि दिनविशेष लिहायचे, तसं सातवीतली भाची आमच्याकडे राहायला आल्यापासून आम्ही तिथे रोज एक नवल लिहितो. दोनच नियम आहेत. एक, फळ्यावर आधी फक्त प्रश्न येतो आणि घरातल्या प्रत्येकानं अंदाज सांगितल्याशिवाय उत्तर उघड होत नाही. दुसरा, शक्यतो घरात करून बघता येईल अशीच गोष्ट निवडायची.

पहिला नियम मला फार मोलाचा वाटतो, आणि त्यामागे चांगलं संशोधन आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या मॅथियस ग्रुबर, बर्नार्ड गेलमन आणि चरण रंगनाथ यांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना सामान्यज्ञानाचे सटरफटर प्रश्न विचारले आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर जाणून घ्यायची किती उत्सुकता आहे ते नोंदवून घेतलं. मग प्रश्न दाखवायचा, काही सेकंद ताटकळत ठेवायचं आणि नंतर उत्तर द्यायचं. या ताटकळण्याच्या मधल्या वेळात पडद्यावर कुणातरी अनोळखी माणसाचा चेहरा येऊन जायचा. त्याचा प्रश्नाशी काही संबंध नव्हता.

ज्या प्रश्नांची उत्सुकता जास्त होती त्यांची उत्तरं नंतर जास्त लक्षात राहिली. यात अनपेक्षित काही नाही. पण त्या प्रश्नांच्या वेळी दिसलेले अनोळखी चेहरेही लोकांना जास्त आठवले, आणि दुसऱ्या दिवशी विचारलं तरीही हा फरक टिकून होता. उत्सुकता चाळवली की मेंदूतला डोपामिन या बक्षिसाची ओढ लावणाऱ्या रसायनाशी निगडित भाग आणि स्मृती घडवणारा हिप्पोकॅम्पस हे दोन्ही जास्त सक्रिय होतात, असं मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलं. उत्तराची वाट बघण्याच्या त्या थोड्या वेळात मेंदू दार उघडं ठेवून बसलेला असतो. मग त्या दारातून जे येईल ते आत घेतलं जातं.

आणि अंदाज चुकला तर? तर आणखी बरं. ब्रॅडी बटरफील्ड आणि जेनेट मेटकाफ यांनी २००१ साली दाखवून दिलं की ज्या चुकीच्या उत्तराबद्दल माणसाला ठाम खात्री असते, ते दुरुस्त करून सांगितलं की ती दुरुस्ती जास्त पक्की बसते. बिचकत दिलेल्या चुकीच्या उत्तराचं तसं होत नाही. खात्रीनं चुकलेला माणूस दचकतो, आणि दचकला की लक्ष देतो. म्हणून आमच्याकडे "माहीत नाही" हे उत्तर चालत नाही. काहीतरी एक बाजू धरायचीच.

आता ज्या प्रश्नानं आमचा अख्खा रविवार घेतला तो सांगते. फोडणीतली मोहरी चावली तरी तिखट लागत नाही, मग फेसलेल्या मोहरीनं नाकातोंडातून पाणी का येतं? दाणे तर एकाच डब्यातले असतात.

भाचीचा अंदाज होता की तेलात तिखटपणा उतरत असणार. भाऊ म्हणाला, तापल्यावर तिखटपणा उडून जात असणार. दोघंही थोडे जवळ होते. मग आम्ही खलबत्त्यात मोहरी कुटली आणि तिचे दोन भाग केले. एका वाटीत साधं पाणी घालून खूप फेटलं, म्हणजे आई रायत्यासाठी फेसते तसंच. दुसऱ्या वाटीत उकळतं पाणी घालून तेवढाच वेळ फेटलं. उरलेली चिमूटभर पूड कोरडीच ठेवली. कोरड्या पुडीला वास जवळपास नव्हता. साध्या पाण्याची वाटी पाच-सात मिनिटांनी नाकाशी नेली तर असा झणका आला की भाची मागे सरकली. उकळत्या पाण्याच्या वाटीला नुसता कडवट, शिजल्यासारखा वास होता.

मोहरीच्या दाण्यात तिखटपणा तयार नसतो, त्याचं फक्त सामान असतं, तेही वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलेलं. काही पेशींत सिनिग्रिन नावाचं निरुपद्रवी रसायन आणि शेजारच्या दुसऱ्या पेशींत मायरोसिनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम. दाणा कुटला की भिंती मोडतात, पाणी मिळालं की दोघांची गाठ पडते, आणि विकर सिनिग्रिन तोडून अॅलिल आयसोथायोसायनेट नावाचं झोंबणारं तेल मोकळं करतं. मोहरीच्या रोपाची ही स्वतःच्या रक्षणाची तऱ्हा आहे. किड्यानं चावा घेतला की त्याच्याच तोंडात हे तेल तयार व्हावं. विकरं ही प्रथिनं असतात आणि जास्त उष्णतेनं ती निकामी होतात. उकळत्या पाण्यात तेच झालं. कडकडीत तेलात तर दाण्यातल्या पाण्याची वाफ होऊन दाणा तडतडतो, तोवर विकर मरून गेलेलं असतं. सामान तिथेच राहतं, पण ते तोडणारं कुणी उरत नाही.

आईनं हे सगळं ऐकलं आणि म्हणाली, "म्हणून लोणच्याची फोडणी गार करून घालायची." तिच्या आईनं तिला तसं सांगितलं होतं, कारण मात्र सांगितलं नव्हतं. गरम तेल मोहरीच्या डाळीवर ओतलं तर लोणच्याला झणका येत नाही, हे कुण्या बाईनं कधीतरी नाकानं ओळखलं असणार. याच तेलामुळे बुरशी आणि जिवाणूंची वाढही रोखली जाते, म्हणजे लोणचं टिकायला त्याचा हातभार लागतो.

याच गोष्टीचं एक टोक मला विलक्षण वाटतं. कोबीवर पडणारा राखाडी मावा कोबीच्या रसातून सिनिग्रिनसारखी द्रव्यं शोषून अंगात साठवतो, आणि त्यांना तोडणारं विकर स्वतःच्या स्नायूंमध्ये स्वतः तयार करतो. मावा खाणाऱ्या ढालकिड्यानं तो चिरडला की ढालकिड्याच्या तोंडात मोहरी फेसली जाते. झाडाची युक्ती माव्यानं जशीच्या तशी उचलली.

माठाचा प्रश्न उन्हाळ्यातला. मे महिन्यात माठातलं पाणी नागपुरात जास्त गार होईल की मुंबईत? भावानं ठामपणे मुंबई सांगितलं, कारण नागपूर जास्त तापतं. माठ पाणी गार करतो तो पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना ती माठातूनच उष्णता उचलते म्हणून. एक ग्रॅम पाणी उडून जायला सुमारे ५८० कॅलरी लागतात. म्हणजे दहा लिटरच्या माठातलं फक्त १०० ग्रॅम, अर्धा पेला पाणी उडालं, तर उरलेलं पाणी साडेपाच-सहा अंशांनी उतरू शकतं. प्रत्यक्षात बाहेरची उष्णता आत येत राहते, म्हणून पाणी उडतही राहावं लागतं, आणि ते कोरड्या हवेतच झपाट्यानं उडतं. हवा ४३ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर पाणी फार तर २५ अंशांपर्यंत उतरू शकतं. हवा ३३ अंश पण आर्द्रता ७० टक्के असेल तर ते २८ च्या खाली जाऊ शकत नाही. दहा अंशांनी जास्त तापलेल्या गावात पाणी जास्त गार! विदर्भात वाळ्याचे कूलर चालतात आणि कोकणात ते नुसते दमट वारा फेकतात, त्याचंही कारण हेच. माठ जुना झाला की त्याची छिद्रं पाण्यातल्या क्षारांनी बुजतात आणि तो "मरतो". वरून ऑइलपेंट दिलेला माठ तर पहिल्या दिवसापासूनच श्वास कोंडलेला असतो.

दुसरा नियम, म्हणजे करून बघण्याचा, आम्ही घातला तो एका फसगतीनंतर. भाचीनं फळ्यावर लिहिलं होतं की गोड चव जिभेच्या शेंड्याला कळते आणि कडू मागच्या बाजूला. मीही शाळेत हाच नकाशा रंगवून गुण मिळवले होते. ते खोटं आहे. १९०१ साली डेव्हिड हेनिग या जर्मन संशोधकानं जिभेच्या वेगवेगळ्या भागांच्या संवेदनशीलतेत किंचित फरक मोजले. १९४२ मध्ये एडविन बोरिंग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या पुस्तकात त्या मोजमापांचा आलेख असा आला की बारीक फरक मोठे भासावेत, आणि पाठ्यपुस्तकांत त्याचे कप्पे झाले. जिथे जिथे रुचिकलिका आहेत तिथे सगळ्या चवी कळतात. तपासायला कापसाच्या काडीला साखरेचं पाणी लावून जिभेच्या मागच्या कडेला टेकवलं की झालं. कितीतरी वर्षं लाखो मुलांनी हा नकाशा पाठ केला, आणि ती काडी कुणी उचलली नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. आता फोनवर रोज अशी दहा नवलं येऊन पडतात. त्यातलं काडीनं, तव्यानं किंवा वाटीनं तपासता येईल तेवढंच आमच्या फळ्यावर चढतं.

काही नवलं अर्ध्या मिनिटात होतात. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल का होतो, हे त्यातलंच. हळदीतलं कर्क्युमिन अल्कधर्मी पदार्थाशी तांबडं होतं आणि लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. हळदीत चुना मिसळला की कुंकवाचा लाल रंग येतो तो याच गुणामुळे. डाग घालवायचा असेल तर कपडा धुऊन उन्हात टाका, उजेडात कर्क्युमिन तुटतं.

काल फळ्यावर प्रश्न होता, बीट चिरताना कशाचा वास येतो? माझ्या भावानं माती सांगितलं. भाची विळीशी वाकली, डोळे मिटून दोनदा हुंगलं आणि म्हणाली, "आत्या, पहिला पाऊस!"

बरोबर होतं. जिओस्मिन नावाचा एकच रेणू दोन्हीकडे असतो. मातीतले स्ट्रेप्टोमायसिससारखे जिवाणू तो बनवतात, पावसाचे थेंब आपटले की तो हवेत उडतो, आणि आपलं नाक तो इतक्या सूक्ष्म प्रमाणात ओळखतं की एक लिटर पाण्यात ग्रॅमचे काही अब्जांश असले तरी पुरे होतात. इसाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी १९६४ साली पावसाच्या त्या वासाला पेट्रिकोर हे नाव दिलं. आपल्याकडे कनौजचे अत्तरवाले भाजलेल्या मातीतून तोच गंध चंदनाच्या तेलात पिढ्यानपिढ्या उतरवत आले आहेत.

जिओस्मिन आम्लात तुटतं. आईनं कोशिंबिरीवर अर्धं लिंबू पिळलं, कालवलं आणि वाटी भाचीपुढे धरली. भाचीनं पुन्हा हुंगलं. पाऊस बराच ओसरला होता.