मोठे टायर आणि क्राउन-पिनियन बदल (पिकअप ट्रक)

पिकअप ट्रकला मूळ मापापेक्षा मोठ्या व्यासाचे टायर बसवल्यावर गाडीची ओढ मंदावते. ती पूर्ववत करण्यासाठी एक्सलमधील डिफरन्शियल (दोन्ही बाजूंच्या चाकांना जोर वाटून देणारी यंत्रणा) उघडून त्यातील क्राउन (मोठे चाक) आणि पिनियन (त्याला फिरवणारे लहान चाक) ही दातेरी चाकांची जोडी अधिक गुणोत्तराच्या जोडीने बदलली जाते. गुणोत्तर म्हणजे क्राउनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागून येणारी संख्या; ती जितकी मोठी, तितका चाकांना मिळणारा जोर जास्त. ही प्रथा मुख्यतः अमेरिकेतील आहे. तेथे पिकअप हे शेतीचे, बांधकामाचे आणि घरचेही वाहन असून खडकाळ, वाळूच्या किंवा चिखलाच्या वाटेवर एक्सलखालची जागा वाढावी म्हणून मोठे टायर घालण्याची हौस आणि गरज दोन्ही आढळतात. डिफरन्शियलचे हौसिंग जमिनीपासून वर उचलण्याचा सर्वांत सरळ मार्ग टायर मोठा करणे हाच आहे, कारण सस्पेन्शन कितीही उंच केले तरी सलग दांड्याचा एक्सल चाकांच्याच उंचीवर राहतो.

मोठ्या टायरमुळे इंजिनाची शक्ती कमी होत नाही. कमी होतो तो रस्त्याला मिळणारा जोर. एक्सलमधून येणारा टॉर्क (फिरवण्याचा जोर) तोच राहतो, पण चाकाची त्रिज्या वाढल्यामुळे जमिनीला लागणारे बल त्याच प्रमाणात घटते. फोर्ड एफ-१५० या पिकअपला मिळणाऱ्या २६५/७० आर १७ (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिमचा व्यास इंचांत) टायरचा व्यास सुमारे ८०३ मिलिमीटर, म्हणजे ३१.६ इंच असतो. त्या जागी ३५ इंची टायर आला की प्रत्येक गिअरमध्ये ढकलण्याचा जोर जवळपास १० टक्क्यांनी उतरतो. एक्सलचे गुणोत्तर ३.७३ असेल तर गाडी ३.३७ चे गुणोत्तर असल्यासारखी वागू लागते: चढावर वरचा गिअर पेलत नाही, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सतत खाली-वर होत राहतो, आणि ट्रेलर ओढताना गिअरबॉक्सचे तेल अधिक तापते.

जुनी ओढ परत मिळवण्याचे गणित सोपे आहे. नव्या व्यासाला जुन्या व्यासाने भागून मूळ गुणोत्तराने गुणले की हवे ते गुणोत्तर मिळते. वरील उदाहरणात ते ४.१३ येते आणि बाजारात त्याच्या सर्वांत जवळची जोडी ४.१० ची असते. मात्र हे गणित केवळ व्यासाचे आहे. मोठा टायर जडही असतो, त्याचे वजन परिघाकडे असल्यामुळे त्याला गती देण्यास अधिक टॉर्क लागतो, आणि उंचावलेल्या गाडीला वाराही जास्त अडवतो. म्हणून नेहमी ओझे ओढणारे किंवा डोंगराळ भागात राहणारे मालक बरेचदा ४.५६ निवडतात, जरी त्यामुळे महामार्गावर इंजिनाचे फेरे मूळ गाडीपेक्षा सुमारे १० टक्के अधिक राहतात. याहून पुढे जाताना मजबुतीचा विचार करणे भाग आहे. ३.७३ च्या जोडीत साधारणपणे क्राउनला ४१ आणि पिनियनला ११ दाते असतात, तर ४.५६ मध्ये ४१ आणि ९. क्राउनचा आकार तोच ठेवून गुणोत्तर वाढवले की पिनियन लहान होतो आणि धक्का सोसण्याची त्याची ताकद कमी होते.

या बदलाचे यश सुट्या भागांपेक्षा बसवणाऱ्याच्या हातावर अधिक अवलंबून असते. पिनियन किती आत बसला आहे हे शिमच्या (पातळ चकतीच्या) जाडीने ठरते. बेअरिंगवरचा पूर्वताण (बसवतानाच दिलेला दाब) वेगळा मोजावा लागतो. आणि क्राउन व पिनियन यांच्या दातांमधील मोकळीक साधारणपणे ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर इतकीच ठेवली जाते. दातांना रंगीत लेप लावून चाक फिरवल्यावर संपर्काचा ठसा दाताच्या मध्यभागी उमटला पाहिजे. तो टोकाकडे सरकला असेल तर सर्व काही पुन्हा उघडावे लागते, आणि हा कंटाळा केला की काही महिन्यांत एक्सल घरघरू लागतो. काही एक्सलमध्ये क्राउन ज्यावर बोल्टने आवळतात तो कॅरियरही बदलावा लागतो. डाना ४४ या प्रसिद्ध एक्सलमध्ये ३.७३ पर्यंतच्या आणि ३.९२ पासून पुढच्या जोड्यांसाठी वेगवेगळे कॅरियर असतात. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत पुढचे आणि मागचे गुणोत्तर एकसारखे असावेच लागते, अन्यथा पकड असलेल्या रस्त्यावर ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या आणि मागच्या एक्सलला शक्ती वाटणाऱ्या भागात) ताण साचून तो मोडू शकतो. त्यामुळे खर्च दुप्पट होतो. नवी जोडी बसल्यावर सुरुवातीला गाडी बेताने चालवून मध्ये थंड होऊ देतात, ओझे ओढणे टाळतात आणि पहिले तेल लवकर बदलतात.

स्पीडोमीटरचे अंशांकन बदलले नाही तर वरील उदाहरणात ताशी १०० किमी दिसत असताना गाडी प्रत्यक्षात १११ किमीने धावत असते. अंतरही कमी मोजले जाते, म्हणून इंधन वाढले अशी तक्रार अनेकदा प्रत्यक्षापेक्षा फुगलेली असते. ब्रेकचा प्रश्न मात्र खरा आहे. मोठे आणि जड चाक थांबवायला ब्रेकना जास्त जोर लागतो, आणि क्राउन-पिनियन बदलून त्यात काहीही सुधारणा होत नाही. इंजिनाचे ट्यूनिंग करून टॉर्क वाढवणे हा उपाय टर्बो डिझेलमध्ये बऱ्यापैकी उपयोगी पडतो, पण गिअरबॉक्सवरचा ताण त्याने हटत नाही. उंची हवी पण रुंदीची गरज नसेल तर २५५/८५ आर १६ सारखा अरुंद टायर घेणे शहाणपणाचे ठरते. तो ३३ इंच उंच असूनही त्याच उंचीच्या रुंद टायरपेक्षा सहसा हलका असतो.

भारतात असा बदल करण्यापूर्वी कायदा पाहणे आवश्यक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ विवरणाशी विसंगत ठरेल असा फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये या तरतुदीचा कठोर अर्थ लावला.

मोठ्या टायरांसह कारखान्यातूनच येणाऱ्या गाड्यांत हा मेळ आधीच साधलेला असतो. २०१७ च्या फोर्ड एफ-१५० रॅप्टरला ३१५/७० आर १७ टायर, ४.१० चे एक्सल आणि दहा गतींचा गिअरबॉक्स होता. जीप ग्लॅडिएटर रुबिकॉनलाही ३३ इंची टायरसोबत ४.१० चेच गुणोत्तर दिले गेले. पुढे टायर वाढवायचे ठरलेच असेल, तर खरेदीच्या वेळी उपलब्ध असलेले सर्वाधिक गुणोत्तर निवडणे नंतर दोन्ही एक्सल उघडण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.