स्ट्रएलकॉपी: पंचवीस वर्षांचा खोळंबा

स्ट्रएलकॉपी हे सी भाषेत मजकूर ठरलेल्या जागेत उतरवणारे फंक्शन. २०२३ मध्ये ते जीलिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीच्या २.३८ आवृत्तीत आले. युनिक्ससारख्या प्रणालींचे स्टँडर्ड असलेल्या पॉझिक्सच्या २०२४ च्या आवृत्तीतही त्याला जागा मिळाली. युनिक्सच्या बीएसडी घराण्यातल्या ओपनबीएसडीने ते १९९८ मध्येच दिले होते. पुढे बाकीचे बीएसडी, सोलारिस, मॅकओएस, मसल ही लिनक्सवरची दुसरी सी लायब्ररी, सगळ्यांनी घेतले. अडून बसली ती जीलिबसी, लिनक्सवरची सर्वांत जास्त वापरातली लायब्ररी.

गरज पडली स्ट्रएनकॉपी या जुन्या फंक्शनमुळे. सीमध्ये मजकूर कुठे संपला हे शेवटच्या शून्य बाइटवरून कळते. जुन्या युनिक्सच्या डिरेक्टरीत फाइलच्या नावाला १४ बाइटांचा ठरलेला रकाना असे. जागा उरली तर शून्ये भरायची, नाव पुरेपूर बसले तर शेवटी शून्य नाही, ही त्या रकान्याची रीत, आणि स्ट्रएनकॉपीही तसेच करते. १९८९ च्या सी स्टँडर्डने फंक्शन तसेच घेतले. स्ट्रकॉपी जागा किती हे न पाहताच उतरवते, म्हणून आमच्या जळगावच्या लॅबमध्येही ‘स्ट्रकॉपी नको, स्ट्रएनकॉपी घ्या’ असेच शिकवले जायचे.

गावाच्या नावाला २४ बाइट ठेवले असे धरा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘धुळे’ १२, ‘जळगाव’ १५. दोन्ही आरामात बसतात. ‘नंदुरबार’ बरोबर २४. स्ट्रएनकॉपी ते पूर्ण उतरवते, पण शेवटच्या शून्याला जागाच उरत नाही आणि छापताना पुढच्या मेमरीतला कचरा नावाला चिकटतो. स्ट्रएलकॉपी २३ बाइट घेते, शून्य लावते आणि मूळ लांबी, म्हणजे २४, परत देते. हा आकडा जागेइतका किंवा जास्त आला की नाव कापले गेले हे लगेच कळते.

जीलिबसी सांभाळणाऱ्यांचा आक्षेप असा, की तो आकडा कोणी तपासत नाही आणि डेटा गुपचूप कापला जातो. हे खरे आहे. वरच्या उदाहरणात शेवटच्या ‘र’चे दोनच बाइट उरतात. पण न तपासणाऱ्याच्या हाती स्ट्रएनकॉपीच राहू देणे त्याहून वाईट होते. शिवाय नकार देऊन फंक्शन थांबले नाहीच. कोणी आपल्या कोडमध्ये फंक्शनची स्वतःची प्रत बाळगली, कोणी बीएसडीची फंक्शने देणारी लिबबीएसडी लायब्ररी जोडली. मग २.३८ आल्यावर ‘स्टॅटिक’, म्हणजे त्या फाइलपुरती, प्रत ठेवलेला कोड दोन घोषणांची टक्कर होऊन कंपाइल होईना.

उबुंटू या लिनक्सच्या २४.०४ आवृत्तीवर जीलिबसी २.३९ आहे, २२.०४ वर २.३५. नव्यावर स्ट्रएलकॉपी वापरून बांधलेला प्रोग्रॅम जुन्यावर ‘जीलिबसी २.३८ सापडत नाही’ म्हणत सुरूच होत नाही. त्यामुळे बांधणीआधी फंक्शन आहे का हे पाहणारी कॉन्फिगरमधली तपासणी आणि सोबतची प्रत अजून काढता येत नाही.