घरच्या मीडिया प्लेअरचा दूरचा बॅकअप : पार्श्वभूमी

टीव्हीखाली ठेवलेल्या लहानशा मीडिया प्लेअरला जोडलेली हार्ड डिस्क अचानक बंद पडली, तर तिच्यावरचे काय परत मिळेल आणि काय कायमचे जाईल, हा प्रश्न खान्देशातील घरांत तसा अलीकडचा आहे. त्याआधी नुकसान होतच नव्हते असे नाही. पण ते सुटे सुटे होत असे. थोरल्याच्या लग्नाची कॅसेट खराब झाली तरी धाकटीच्या हळदीची शाबूत असायची. सगळे चित्रण एकाच डिस्कवर आल्यामुळे सगळे एकाच दिवशी जाण्याची शक्यता निर्माण झाली आणि दुसऱ्या प्रतीची गरजही तिथूनच सुरू झाली.

व्हीएचएस कॅसेटनंतर आलेल्या व्हीसीडीचे मानक १९९३ मधले. एका तबकडीत साधारण ७४ मिनिटांचे चित्रण मावे, म्हणून शूटिंगवाला एका लग्नाच्या दोन-तीन तबकड्या देई आणि त्यांवर मार्करने ‘भाग १’, ‘भाग २’ असे लिहिलेले असे. पुढे डीव्हीडी आली आणि चित्र सुधारले, परंतु घरी किंवा स्टुडिओत ‘राइट’ केलेल्या तबकडीचा मूळ दोष तसाच राहिला. अशा तबकडीत माहिती रंगद्रव्याच्या थरात साठते आणि ऊन, उष्णता व दमट हवा यांमुळे तो थर हळूहळू बिघडतो. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात ठेवलेली तबकडी उजेडासमोर धरली की तिच्या चंदेरी थरात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसतात, आणि प्लेअरमध्ये घातल्यावर चित्र नेमके मंगलाष्टकांपाशी अडखळते. तबकडी म्हणजे कायमची सोय, हा समज अनेक घरांत अशा रीतीने गळून पडला.

तबकडीची जागा घेणाऱ्या प्लेअरचा उगम मात्र गेम खेळण्याच्या यंत्रात आहे. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर चित्रपट आणि गाणी चालावीत म्हणून काही हौशी प्रोग्रॅमरांनी २००२ मध्ये एक सॉफ्टवेअर लिहिले. ते पुढे एक्सबीएमसी या नावाने ओळखले जाऊ लागले, इतर संगणकांवरही चालू लागले आणि २०१४ मध्ये त्याचे नाव कोडी झाले. दरम्यान फेब्रुवारी २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक ३५ डॉलरला बाजारात आला आणि त्यावर कोडी व्यवस्थित चालते हे लवकरच सिद्ध झाले. त्यानंतर स्वस्त अँड्रॉइड बॉक्स आले. घरात जुना टीव्ही, त्याला असा एखादा बॉक्स आणि त्याला यूएसबीने जोडलेली एक टीबीची डिस्क, एवढ्यात कपाटभर तबकड्यांचे काम होऊ लागले. दुसरी डिस्क घेऊन ठेवण्याकडे मात्र कल नव्हता. २०११ च्या अखेरीस थायलंडमधील महापुराने हार्ड डिस्कचे कारखाने बुडाले आणि जगभर डिस्कच्या किमती भडकल्या, हेही त्याला एक तात्कालिक कारण होते. पण खरे कारण साधे आहे. चालू असलेल्या वस्तूची जोडी घरात कोणी आणून ठेवत नाही.

ज्यांनी दुसरी डिस्क घेतली त्यांच्यापैकी अनेकांनी ती पहिलीच्या शेजारीच ठेवली. अनेक डिस्क एकत्र जोडून एक बंद पडली तरी काम चालू ठेवण्याची ‘रेड’ ही रचना बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी १९८८ च्या आपल्या निबंधात मांडली. तिचा हेतू यंत्रणा थांबू नये एवढाच आहे. चुकून पुसलेली फाइल ती दोन्ही डिस्कवरून तत्परतेने पुसते आणि विजेचा झटका आला तर दोन्ही डिस्क त्याच बोर्डावर असतात. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत खान्देशातल्या घरांनी याचा अनुभव पुरेपूर घेतला आहे : वीज जाताना डिस्कला फारसे काही होत नसे, ती परत येताना होणाऱ्या दाबाच्या चढउतारात अ‍ॅडॉप्टर आणि कधी कधी डिस्कचा सर्किट बोर्ड जळे. म्हणूनच छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी याच दशकात रूढ केलेला नियम महत्त्वाचा ठरतो. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी, असा तो नियम आहे. यातली तिसरी अट सामान्य घराला सर्वांत जड जात होती, आणि पुढचा सगळा इतिहास ती अट हलकी होत जाण्याचा आहे.

दूरच्या ठिकाणी प्रत ठेवायची तर रोज सगळी डिस्क पाठवता येत नाही. यावरचा उपाय फार आधी सापडला होता. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये आरसिंक हा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. तो दोन्हीकडच्या फाइलींचे तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्याची गणिती खूण काढतो, खुणा ताडून पाहतो आणि जेवढा भाग बदलला असेल तेवढाच पाठवतो. मात्र पहिली पूर्ण प्रत पाठवावीच लागते, आणि आपल्याकडे घोडे तिथेच अडले. २००४ च्या केंद्रीय धोरणात ब्रॉडबँडची व्याख्या २५६ केबीपीएस अशी होती आणि तोही वेग उतरवण्याचा (डाउनलोडचा); टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या जोडणीत चढवण्याचा (अपलोडचा) वेग साधारणपणे त्याहून कमी ठेवलेला असे. पूर्ण २५६ चा वेग अखंड मिळाला असे धरले तरी, उदाहरणादाखल, २०० जीबीचा संग्रह चढवायला ७२ दिवस लागतात. त्या काळात खान्देशातल्या घराचा खरा दूरस्थ बॅकअप म्हणजे टॉवेलात गुंडाळून एसटीने किंवा रेल्वेने पाहुण्यांकडे नेलेली डिस्क होती. हा प्रकार हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नाही. वर्षातून एकदा बदलणाऱ्या संग्रहासाठी तो आजही पुरेसा आहे, आणि सर्वांत स्वस्त तर आहेच.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर डेटाचे दर कोसळले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत घरोघरी फायबर पोहोचू लागले. फायबरचा गाजावाजा उतरवण्याच्या वेगासाठी झाला. बॅकअपच्या दृष्टीने मात्र अनेक योजनांत चढवण्याचा वेगही तितकाच मिळू लागला, हा बदल मोठा होता. ३० एमबीपीएसच्या जोडणीवर तेच २०० जीबी पंधरा तासांच्या आत जातात. रात्री झोपताना सुरू करावे आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपावे, इतके ते सोपे झाले.

साठ्याचे भाडेही, म्हणजे इंटरनेटवरून एखाद्या कंपनीच्या यंत्रांवर फाइली ठेवण्याचे पैसेही, याच काळात उतरले. अ‍ॅमेझॉनने मार्च २००६ मध्ये एस-थ्री ही सेवा सुरू केली तेव्हा दर महिना जीबीमागे १५ सेंट होता आणि माहिती चढवण्या-उतरवण्याचे जीबीमागे २० सेंट वेगळे होते. आपल्या २०० जीबीला महिन्याला ३० डॉलर आणि सुरुवातीला चढवण्याचे ४० डॉलर. घरगुती वापराचा प्रश्नच नव्हता. माहिती आत घेण्याचे शुल्क २०११ मध्ये गेले. ऑगस्ट २०१२ मध्ये ग्लेशियर ही क्वचित लागणाऱ्या माहितीसाठीची सेवा जीबीमागे १ सेंटवर आली. बॅकब्लेझ या कंपनीने २००९ मध्येच दाखवून दिले होते की बाजारातल्या साध्या ४५ डिस्क एका पेटीत बसवून ६७ टीबीचा साठा सुमारे ७,८६७ डॉलरमध्ये उभा करता येतो. त्याच विचारावर तिने २०१५ मध्ये बी-टू ही सेवा जीबीमागे अर्ध्या सेंटला काढली. २०२३ मध्ये हा दर ०.६ सेंट झाला. म्हणजे २०० जीबीला महिन्याला १.२० डॉलर. ग्लेशियरचा २०१९ मध्ये आलेला ‘डीप अर्काइव्ह’ हा प्रकार त्याहूनही स्वस्त आहे. अमेरिकेतील केंद्रांत त्याचे तेवढ्याच माहितीसाठी महिन्याला सुमारे २० सेंट पडतात. मात्र तिथली माहिती मागितल्यावर हाती येण्यास नेहमीच्या पद्धतीने १२ तासांपर्यंत वाट पाहावी लागते, १८० दिवसांच्या आत पुसली तरी तेवढ्या मुदतीचे भाडे द्यावे लागते आणि परत उतरवून घेण्याचे पैसे निराळे मोजावे लागतात. ठेवणे स्वस्त आणि परत घेणे महाग, हा व्यवहार घर जळाल्यावरच लागणाऱ्या प्रतीसाठी वाईट नाही. पण तो आधी समजून घेतलेला असावा.

याच्या उलट टोकाला ‘अमर्याद’ साठ्याची आमिषे होती. अ‍ॅमेझॉनने २०१५ मध्ये वर्षाला सुमारे ६० डॉलरमध्ये हवे तेवढे ठेवा, अशी योजना काढली आणि २०१७ मध्ये ती गुंडाळली. गूगल फोटोजचा २०१५ पासूनचा मोफत अमर्याद साठा जून २०२१ मध्ये संपला. मोजून पैसे घेणारी सेवा कंजूष वाटते. परंतु टिकली तीच.

दर इतके उतरल्यावरही एका टीबीच्या डिस्कवरचे सगळे दूर पाठवावे का, याचे उत्तर माझ्या मते नाही असेच आहे. अशा डिस्कवर बहुतांश जागा चित्रपटांनी व्यापलेली असते आणि ते पुन्हा मिळतात. जे पुन्हा मिळत नाही ते थोडे असते : कॅसेटवरून उतरवलेली लग्ने, श्रावणातल्या कानबाईच्या रोटांचे चित्रण, आजीने म्हटलेल्या अहिराणी ओव्यांचे फोनवर केलेले ध्वनिमुद्रण, जळगाव आकाशवाणीवरून टेप केलेली गाणी. अहिराणीतली म्हणायची रीत गावागणिक बदलते, त्यामुळे एखाद्या आजीच्या आवाजातली ओवी त्या घराबाहेर कुठेच नसण्याचा संभव फार मोठा. हे सगळे वेगळ्या फोल्डरमध्ये काढले की बहुतेक घरांचा आकडा टीबीवरून जीबीवर येतो आणि खर्चाचा प्रश्न जवळजवळ तिथेच मिटतो. त्यात कोडीच्या ‘युजरडेटा’ या फोल्डरची भर जरूर घालावी. कोणती फाइल कोणत्या नावाने दिसते, काय पाहून झाले, कोणत्या याद्या केल्या, हे त्यात असते. चित्रांच्या लहान प्रतींचा ‘थंबनेल्स’ हा भाग वगळला तर त्याचा आकार नगण्य असतो.

भाड्याच्या साठ्याऐवजी नातेवाइकांच्या घरी डिस्क ठेवून ती इंटरनेटवरून भरण्याचा मार्गही याच काळात खुला झाला. खान्देशातल्या कितीतरी घरांतले कोणी ना कोणी सुरतेला उधना-लिंबायत भागात किंवा पुण्या-नाशकाला असते, तेव्हा दुसरे ठिकाण शोधावे लागत नाही. जुना रास्पबेरी पाय आणि अडीच इंची डिस्क मिळून १० वॅट घेतात असे धरले तरी महिन्याला सात-सव्वासात युनिट वीज होते. भावाच्या बिलात ती वाढ दिसणारही नाही. अडचण वेगळीच होती. आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवरच्या यंत्रांचे ओळख क्रमांक, अपुरे पडू लागल्याने कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहकांना बसवतात. त्यामुळे बाहेरून थेट त्या घरातल्या यंत्रापर्यंत पोहोचता येत नाही. २०१३ च्या अखेरीस आलेले सिंकथिंग हे साधन ही अडचण मध्यस्थ सर्व्हरच्या मदतीने ओलांडते. २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झालेल्या वायरगार्ड या सुरक्षित जोडणीच्या तंत्रावर आधारलेल्या खासगी जाळ्याच्या सेवाही तेच काम करतात. मात्र सिंकथिंग हे मुळात दोन्हीकडचे सारखे ठेवणारे साधन आहे. इकडे पुसले की तिकडेही पुसले जाते, म्हणून तिकडच्या बाजूला जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय चालू केल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणू नये.

भाड्याच्या साठ्यासाठी आरक्लोन हे साधन सर्वांत सोयीचे ठरले. निक क्रेग-वुड यांनी लिहिलेला हा मुक्त प्रोग्रॅम आरसिंकसारखेच बदललेले तेवढे पाठवतो, फक्त फाइलीचे तुकडे न पाडता बदललेली पूर्ण फाइल पाठवतो, आणि कितीतरी कंपन्यांच्या साठ्यांशी एकाच भाषेत बोलतो. एका कंपनीने दर वाढवले तर दुसरीकडे जाणे त्यामुळे अवघड राहिले नाही. २०१६ पासून त्यात फाइली चढवण्याआधीच कूटबद्ध करण्याची सोयही आहे. तिचा परवलीचा शब्द हरवला तर ती प्रत कंपनीलाही उघडता येत नाही, म्हणून तो कागदावर लिहून घरातल्या दुसऱ्या कोणापाशी असावा.

राहिला पैसे भरण्याचा प्रश्न. ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप वळत्या होणाऱ्या रकमांसाठी रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले आणि परदेशी सेवांची मासिक वजावट अनेक कार्डांवर अडू लागली. महिन्याच्या सव्वा डॉलरचे बिल थकून खाते गोठण्यापेक्षा, जिथे आगाऊ रक्कम भरता येते किंवा वर्षाचे एकदम देता येते अशी सेवा निवडणे, आणि तिचा ई-मेल रोज उघडल्या जाणाऱ्या पत्त्यावर येईल असे पाहणे, हे दरातल्या फरकापेक्षा अधिक उपयोगाचे ठरते.