गाडलेल्या हिमानी दऱ्यांचे गुरुत्वमापन

हिमनदीने खोदलेल्या आणि पुढे गाळाने बुजलेल्या दरीचा खडकाळ तळ किती खोल आहे, हे गुरुत्वाकर्षणातले बारीक फरक मोजून ठरवण्याची भूभौतिकीय पद्धत. नदी उताराच्या दिशेने पात्र कोरत जाते. हिमनदीचे तसे नाही. बर्फाच्या भाराने ती वाटेत खोल डोह पाडते आणि त्यातून वर चढून पुढे सरकते. बर्फ वितळला की डोहात पाणी साचते, रेती, गोटे आणि चिकणमातीने तो भरत जातो आणि वर उरते सपाट मैदान. स्वित्झर्लंडमध्ये मार्टिन्यीजवळ ऱ्होन नदीच्या दरीत हा गाळ सुमारे एक किलोमीटर जाड असून खालचा खडक समुद्रसपाटीच्याही खाली आहे.

वरच्या सपाटीवरून खालचा अंदाज बांधणे कसे जिवावर बेतते, हे त्याच देशातल्या लोच्बर्ग रेल्वे बोगद्याच्या कामात दिसले. गास्टर्न दरीच्या तळापासून सुमारे 180 मीटर खाली पक्का खडकच लागेल, असे धरून खोदकाम चालू होते. 24 जुलै 1908 च्या पहाटे सुरुंगाने समोरचा खडक फुटला आणि दरीतला पाण्याने थबथबलेला गाळ बोगद्यात घुसला. 25 कामगारांचा बळी गेला. त्यांतले बहुतेक इटालियन होते. तो भाग भिंत घालून कायमचा बंद करावा लागला. 1913 मध्ये सुरू झालेला बोगदा ती जागा टाळून वळसा घेतो.

पद्धतीचे तत्त्व सोपे आहे. ग्रॅनाइटसारख्या खडकाची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे 2.7 ग्रॅम, तर ओल्या गाळाची साधारण 2.0 ते 2.2. गाळावर उभे राहिले की पायाखालचे वस्तुमान कमी, म्हणून ओढही किंचित कमी. घनतेतला फरक 0.5 धरला तर 100 मीटर जाडीच्या विस्तीर्ण थरामागे ती सुमारे 2 मिलिगॅलने (मिलिगॅल हे गुरुत्वाची ओढ मोजण्याचे एकक) घटते. पृथ्वीची एकूण ओढ सुमारे 9,80,000 मिलिगॅल, म्हणजे हा फरक दहा लाखांत दोन भाग! अरुंद दरीत तो आणखी कमी भरतो.

इतके बारीक मोजायचे तर धीर लागतो. तिवईवर गुरुत्वमापक ठेवून तो अगदी समतल करतात. आतल्या स्प्रिंगला टांगलेले वजन किती खाली ओढले जाते, त्यावरून वाचन मिळते. वाऱ्याने किंवा जवळून गेलेल्या ट्रकने वाचन हलते. स्प्रिंगही दिवसभरात हळूहळू सरकते, म्हणून ठरावीक वेळाने मूळ ठाण्यावर, म्हणजे मोजणी जिथून सुरू केली त्या जागी, परत येऊन मोजावे लागते. दर मीटर उंचीमागे ओढ सुमारे 0.2 मिलिगॅलने बदलत असल्याने प्रत्येक ठाण्याची उंची काही सेंटिमीटरांपर्यंत अचूक हवी. चंद्र-सूर्याच्या भरतीचा आणि अक्षांशाचा परिणामही वजा करतात. डोंगराळ भागात खरा घोळ होतो तो दोन्ही बाजूंच्या कड्यांमुळे. ते वजनाला वरच्या बाजूने ओढतात, आणि ही दुरुस्ती चुकली तर नसलेली दरी नकाशावर उमटते.

मोठी मर्यादा अशी, की उथळ पण हलका गाळ आणि खोल पण जड गाळ जवळपास सारखेच आकडे देऊ शकतात. म्हणून एखादे तरी बोअर खडकापर्यंत नेऊन जाडी आणि घनता प्रत्यक्ष तपासावी लागते. तो आधार मिळाला की बाकीची दरी स्वस्तात, जमिनीला धक्का न लावता आखता येते. बर्न परिसरात संशोधकांनी 2022 मध्ये याच मार्गाने त्रिमितीय प्रतिमान मांडले. तिथला डोह हिमनद्यांनी एका दमात नव्हे, तर दोन टप्प्यांत कोरला, असा त्यांचा निष्कर्ष आहे.