बीएफए क्राफ्ट शाखांचा प्रवेश : चित्र जमतं, कागद अडतात

सिरॅमिक, मेटल, टेक्सटाइल, इंटिरिअर या शाखांचं शिक्षण महाराष्ट्रात विद्यापीठाच्या पदवीपर्यंत घेता येतं. पदवी बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स), चार वर्षांची, आणि पहिलं वर्ष पाया घालण्यात जातं. प्रवेशपरीक्षेत चांगले गुण मिळवलेली मुलं दरवर्षी पडताळणीच्या टेबलावर अडकतात, तीही एखाद-दुसऱ्या कागदासाठी. म्हणून इथे सोप्या गोष्टी एका ओळीत उरकल्या आहेत आणि अडणाऱ्या गोष्टींना जागा दिली आहे.

सुरुवात एका शब्दापासून करू. ‘फाउंडेशन’ नावाच्या दोन गोष्टी आहेत. कला संचालनालयाचा एक वर्षाचा फाउंडेशन अभ्यासक्रम पदविकेच्या वाटेवरचा, ज्यातून पुढे जी.डी.आर्ट या शासकीय कला पदविकेकडे जातात. बीएफएचं पहिलं वर्ष वेगळं, ते विद्यापीठाचं. ‘फाउंडेशनचा फॉर्म भरला’ म्हणून निश्चिंत राहिलेल्यांना बीएफएची मुदत टळल्याचं नंतर कळतं. फॉर्मवर ‘बीएफए’ आणि ‘सीईटी’ (सामाईक प्रवेश परीक्षा) हे दोन शब्द दिसत नसतील तर तो फॉर्म दुसऱ्याच कशाचा तरी आहे.

पात्रता साधी आहे. बारावी कोणत्याही शाखेतून उत्तीर्ण, इंग्रजी विषयासह, किमान ४५ टक्के गुण. महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय उमेदवारांना ४० टक्के. विज्ञान शाखाच हवी असं काही नाही. चित्रकलेची इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा दिली असेल तर हात तयार असतो हे खरं, पण तिचे वाढीव गुण (अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३) दहावीच्या निकालात मिळतात. ते इथे पुन्हा मोजले जातील असं धरून चालू नका.

प्रवेशपरीक्षा राज्य सीईटी कक्षाची, नाव एएसी सीईटी. ऑब्जेक्ट ड्रॉइंग, डिझाइन प्रॅक्टिकल, मेमरी ड्रॉइंग आणि सामान्य ज्ञान असे पेपर असतात. तयारीबद्दल एकच सांगणं : डिझाइनच्या पेपरात रंग वाळायलाही वेळ लागतो. ओल्या पोस्टर कलरवर दुसरा रंग चढवला की कडा फुटतात आणि मग शेवटच्या दहा मिनिटांत चित्र निस्तरत बसावं लागतं.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. सीईटीचा अर्ज आणि कॅपचा (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा) अर्ज हे दोन वेगळे अर्ज आहेत. दोन वेगळ्या नोंदण्या, दोन वेगळी शुल्कं, दोन वेगळ्या मुदती. सीईटी दिली, निकाल आला, आता महाविद्यालय फोन करेल असं समजून घरी बसलेल्या मुलाचं नाव गुणवत्ता यादीत येतच नाही, कारण यादी कॅपला नोंदणी केलेल्यांचीच लागते. सर ज. जी. (जेजे) कला महाविद्यालयाला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे, त्यामुळे तिथली प्रवेशसूचना आणि वेळापत्रक त्यांच्याच संकेतस्थळावर वेगळं तपासा. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय महाविद्यालयांची माहिती वाचून जेजेबद्दल अंदाज बांधू नका.

कागदपत्रांत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो ही नेहमीची. दाखल्यावर ‘राष्ट्रीयत्व : भारतीय’ असं छापलेलं असेल तर राष्ट्रीयत्वासाठी तो पुरतो, पण अधिवासाचा दाखला तहसीलमधून वेगळा काढावा लागतो. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. दुसऱ्या बोर्डाचे असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना, हे आजच बघा. गुणपत्रिकेवर ‘श्री’ आणि आधारवर ‘श्रि’ एवढ्यावरही खिडकीतून परत पाठवलेलं आहे.

खरी अडचण पुढे आहे. आरक्षणातून जागा हवी असेल तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. दाखला उपविभागीय अधिकारी देतात, वैधता जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते. अनुसूचित जमातींसाठी समिती वेगळी. आणि समिती कोणती, तर दाखला ज्या जिल्ह्यातून निघाला तिथली. कुटुंब ठाण्यात, दाखला साताऱ्याचा, तर फेऱ्या साताऱ्याला. हे जूनमध्ये कळून उपयोग नाही. वैधतेचा अर्ज अकरावीत किंवा फार तर बारावीच्या सुरुवातीला कनिष्ठ महाविद्यालयाच्या पत्रासह भरायचा असतो.

समिती मागते तो पुरावा बहुतेकांकडे नसतो. प्रवर्गाप्रमाणे ठरलेल्या तारखेआधीची जातीची नोंद लागते : अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्ग आणि विशेष मागास प्रवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे बहुतेक घरांत आजोबा-पणजोबांचा कागद. घरात नसेल तर गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मागा, तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद शोधा. सख्ख्या काकाची, वडिलांची किंवा भावंडाची वैधता आधी झालेली असेल तर काम बरंच हलकं होतं. ती प्रत पहिल्यांदा शोधा, मग रजिस्टरं धुंडाळा.

क्राफ्टच्या शाखांकडे वळणाऱ्या काही मुलांच्या घरी तोच व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो : कुंभार, कासार, तांबट, कोष्टी. गंमत अशी, की त्यांच्या जुन्या नोंदींत घोळ जास्त. लिहिणाऱ्याने कधी जात लिहिली, कधी पोटजात, कधी नुसता धंदा. आजोबांच्या उताऱ्यावर एक शब्द आणि वडिलांच्या दाखल्यावर दुसरा असेल तर वंशावळीच्या शपथपत्रात ते स्पष्ट करा आणि जोडणारा एखादा मधला कागद (काकाचा, आत्याचा) लावा. विसंगती लपवली तर प्रकरण दक्षता पथकाच्या चौकशीत जातं आणि वर्ष तिथेच संपतं. भट्टीजवळ वाढलेल्या मुलाने आपण कुंभार आहोत हे १९६७ आधीच्या शाईने सिद्ध करायचं, हा नियम आहे खरा. त्यावर चिडण्यापेक्षा रजिस्टर लवकर शोधलेलं बरं.

नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्र, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा कागद, इतर मागासवर्ग, विमुक्त-भटके आणि विशेष मागास प्रवर्गाला लागतं. अनुसूचित जाती-जमातींना नाही. त्यावरची ‘३१ मार्चपर्यंत वैध’ ही ओळ सगळ्यात जास्त वेळा चुकीची वाचली जाते. ते ३१ मार्च येणारं हवं, सरलेलं नव्हे. २०२६-२७ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२७ पर्यंत चालणारं प्रमाणपत्र लागतं. गेल्या वर्षी काढलेलं, मार्च २०२६ ला संपलेलं घेऊन आलात तर अर्ज खुल्या प्रवर्गात जातो. तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा जोडून तीन वर्षांचं प्रमाणपत्र काढणं शहाणपणाचं.

वैधतेच्या अर्जाची पावती दाखवून तात्पुरता प्रवेश मिळतो, असं शेजारचा मुलगा सांगेल. अशी सवलत ज्या वर्षी जाहीर होते त्या वर्षीपुरतीच असते आणि मूळ प्रमाणपत्र देण्याची शेवटची तारीख असतेच. ती चुकली की आरक्षणातली जागा जाते.

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसारख्या केंद्रीय संस्थेलाही अर्ज करत असाल तर राज्याचं प्रमाणपत्र तिथे चालत नाही. इतर मागासवर्गासाठी जात केंद्राच्या यादीत हवी आणि प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात. विशेष मागास प्रवर्ग हा प्रकार केंद्रात नाही; कोष्ट्यांच्या मुलाने राज्यात तो प्रवर्ग लिहायचा आणि केंद्रात इतर मागासवर्ग. ईडब्ल्यूएसच्या (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या) प्रमाणपत्राचेही दोन नमुने आहेत. तहसीलमध्ये जाताना दोन्ही छापून न्या, नाहीतर खिडकीवरचा माणूस हाताला येईल तो देतो.

राहिला पसंतीक्रम. अप्लाइड (उपयोजित कला) सगळ्यात वर आणि खाली यादी भरायला म्हणून सिरॅमिक, मेटल टाकायचं, असं करू नका. सिरॅमिकमध्ये महिनोन्‌महिने माती मळणं, वळ्या लावून भांडं उभारणं, चाकावर केंद्र साधणं असतं. आत ओल राहिली तर भट्टीत वाफ होऊन काम फुटतं. मेटलमध्ये तांब्याचा पत्रा ठोकता ठोकता कडक होतो, तो लाल तापवून पाण्यात बुडवून पुन्हा मऊ करायचा, मग पुन्हा ठोकायचा, असं दिवसातून कितीदा तरी. टेक्सटाइलला मागावर उभे धागे भरण्यातच आठवडा जातो. हे आवडणार असेल तर या शाखा वर लिहा. नसेल तर यादीत घालूच नका, कारण लिहिलेला पर्याय मिळू शकतो. पसंतीक्रम भरल्यावर ‘कन्फर्म’चं बटण दाबायचं आणि छापील प्रत ठेवायची. नुसतं ‘सेव्ह’ केलेला अर्ज पोहोचलेला नसतो.