सांधेजोडीचे लाकडी स्टूल

सांधेजोडीचे लाकडी स्टूल : खिळे किंवा स्क्रू न मारता, लाकडातच लाकूड बसवून उभे केलेले स्टूल. चांगल्या लाकडाला करवत लावण्याआधी त्याचा स्वस्त लाकडातला पूर्ण मापाचा नमुना (प्रोटोटाइप) करून तपासतात. या नोंदीत दोन्ही गोष्टी एकत्र घेतल्या आहेत, कारण सांधा कागदावर कळत नाही.

स्टूल दिसायला सोपे, करायला अवघड. त्याला पाठ नाही, हात नाहीत, मापही लहान. त्यामुळे सगळा भार मोजक्या सांध्यांवर येतो. शिवाय कपाटासारखे ते एका जागी राहत नाही. माणूस ते पायाने सरकवतो, बसल्या बसल्या दोन पायांवर कलवतो, त्यावर चढून माळ्यावरचे गणपतीच्या मखराचे खोके उतरवतो. सरळ खाली येणाऱ्या वजनाची भीती नसते. दीड इंची सागवानी पाय माणसाच्या वजनाच्या कितीतरी पट भार सोसतो. सांधा ढिला होतो तो कलताना. अशा वेळी पाय म्हणजे एक लांब तरफ होते आणि ती पट्टीला सांध्यातून उचकटू पाहते. म्हणून बैठकीखालची, पायांना एकमेकांशी जोडणारी पट्टी रुंद ठेवावी. सव्वा इंचाऐवजी अडीच इंच रुंदीची पट्टी घेतली, तर तोच झटका पेलताना सांध्याच्या वरच्या-खालच्या कडांवर येणारा जोर साधारण निम्मा होतो. पट्टी जाड करून एवढा फायदा होत नाही. नवशिके नेमकी जाडी वाढवतात आणि स्टूल उगाच बोजड होते.

मुख्य सांधा भोक आणि कुसवाचा. पट्टीचे टोक तासून जी जीभ काढतात ती कुसू, आणि पायात त्याच मापाचे जे चौकोनी भोक पाडतात त्यात ती उतरते. कार्यशाळेत यालाच मॉर्टाइज-टेनन म्हणतात. पुण्याला हा सांधा नवा नाही. शनिवारवाडा १७३२ मध्ये उभा राहिला, तेव्हा त्यासाठी जुन्नरच्या जंगलातले सागवान आणले होते. १८२८ च्या आगीत ते जळाले आणि दगडी तट व जोती तेवढी उरली. विश्रामबागवाड्यात मात्र जुने लाकूडकाम आजही जागेवर बघायला मिळते. वाड्याच्या बांधणीत खांबाच्या डोक्यावर कुसू ठेवून तो वरच्या लाकडातल्या भोकात बसवतात. स्टुलाच्या पायाचे गणित त्याहून वेगळे नाही. पेठांतले वाडे पाडले जातात तेव्हा त्यांचे सागवान जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे येते. अशा एखाद्या तुळईच्या तुकड्यात जुने भोक तसेच असते. त्यात बोट घातले की तळाशी पटाशीचे (लाकूड कोरायच्या सपाट धारेच्या हत्याराचे) आडवे ठसे लागतात, एकाशेजारी एक. ज्या भिंती आतून कोणाला कधी दिसणार नव्हत्या, त्याही सरळ तासलेल्या असतात. सांधेकाम शिकणाऱ्याने असा एक तुकडा जवळ ठेवावाच.

लाकूड : पुण्यात लाकूड घ्यायचे म्हणजे भवानी पेठेतला टिंबर मार्केट. हिशेब घनफुटात होतो : रुंदी आणि जाडी इंचात, लांबी फुटात, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागायचे. दीड इंच चौरस चार पाय, अडीच इंची चार पट्ट्या, खालच्या चार आडण्या (पायांना खाली जोडणाऱ्या आडव्या दांड्या) आणि एक फूट चौरस बैठक, एवढ्याला पाव घनफुटाच्या जरा वर लाकूड लागते. छाट आणि चुका धरून अर्धा घनफूट घ्यावे. सागवान सर्वांत भरवशाचे. ते कमी आटते, रंध्याखाली नीट येते, वाळवीला सहज दाद देत नाही. बाभूळ टणक आणि चिवट. बैलगाडीची चाके तिचीच करत. पण पटाशी धरणाऱ्याचा ती घाम काढते. आंब्याचे लाकूड स्वस्त असले तरी त्याला कीड लवकर लागते. जुने वाड्याचे सागवान पूर्ण आटलेले असते, हा त्याचा मोठा गुण. मात्र रंधा लावण्याआधी आत मोडून राहिलेले खिळे शोधून काढावे लागतात, नाहीतर पात्याला खांडा पडतो. नमुन्यासाठी यातले काहीच नको. पॅकिंगच्या खोक्यांचे पाइन पुरते.

आराखडा : बसण्याच्या स्टुलाची उंची साधारण १८ इंच धरतात. सुतार इंच आणि सुतात बोलतो. एका इंचाची आठ सूत. पाय सरळ ठेवले तर सगळे सांधे काटकोनात येतात. पाय किंचित बाहेर फाकवले तर स्टूल सहज कलंडत नाही, पण प्रत्येक कुसवाचा खांदा, म्हणजे कुसू जिथून सुरू होतो तिथली पायाला टेकणारी कड, तिरका कापावा लागतो. पहिल्या नमुन्यात पाय सरळच ठेवावेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आधी हात गुण्यात (काटकोनात) यावा, तिरकेपणा नंतर. तिवईचा, म्हणजे तीन पायांच्या स्टुलाचा मोह होतो, कारण ती कशाही जमिनीवर डुगडुगत नाही. मात्र तिच्या कडेवर वजन पडले की ती चटकन कलंडते. माळ्यावर चढायचे असेल तर चार पाय हवेत.

कुसवाची जाडी पट्टीच्या जाडीच्या एकतृतीयांश धरतात. एक इंची पट्टीला ती तीन सुतांच्या आत येते. व्यवहारात तीन सुती पटाशी हाताशी असते, म्हणून भोक तीन सुतांचे पाडून कुसू त्याला जुळवतात. आधी भोक, मग कुसू. भोक पटाशीच्या मापाने पडते आणि नंतर बदलत नाही, कुसू मात्र हवा तेवढा तासता येतो. दोन पट्ट्या एकाच पायात काटकोनात भेटतात, तेव्हा दोन्ही भोके आत एकमेकांना छेदतात. तिथे कुसवांची टोके ४५ अंशांत कापली तर दोघांनाही पूर्ण लांबी मिळते. खालच्या आडण्या मात्र वर-खाली ठेवाव्यात, म्हणजे पाय एकाच जागी दोन्हीकडून पोकळ होत नाही. पायाच्या माथ्यापासून अर्धा-पाऊण इंच सोडून भोक सुरू करायचे आणि पाय एक इंच लांबच ठेवायचा; सांधा बसल्यावर जादा तुकडा कापून टाकता येतो. ही खबरदारी घेतली नाही तर कुसू ठोकताना माथ्याशी पाय उभा फाटतो.

खांद्याची रेघ पेन्सिलीने न मारता धारदार पात्याने मारतात. पेन्सिलीच्या रेघेलाही जाडी असते, आणि चार सांध्यांत ती चारदा जमा होते. पात्याच्या रेघेत पटाशीची धार आपोआप टेकते. सांधा बरोबर जमला की नाही हे हाताला आणि कानाला कळते. कुसू हाताने अर्धा आत जावा, उरलेला लाकडी हातोड्याच्या हलक्या ठोक्यांनी. ठोक्याचा आवाज आधी पोकळ येतो, मग घट्ट होत जातो, आणि खांदा पायाला भिडला की एकदम बदलतो. त्यानंतरचा प्रत्येक ठोका लाकडाचे नुकसान करतो. हातोड्याशिवाय पूर्ण आत जाणारा कुसू सैल समजावा. ती फट फेविकॉलने भरून काढता येईल असे वाटते, पण गोंद दोन भिडलेले पृष्ठभाग धरून ठेवतो, पोकळी भरत नाही. गोंदाशिवायही सांधा आवळता येतो. पायात, भोकाच्या दोन्ही भिंतींतून आरपार खुंटीचे छिद्र पाडायचे, कुसवातले छिद्र खांद्याकडे एखादा मिलिमीटर सरकवून पाडायचे आणि निमुळती खुंटी ठोकायची. खुंटी आत जाताना खांदा पायाकडे ओढला जातो.

बैठक हा वेगळा विषय आहे, आणि पुण्याच्या हवेत तो टाळून चालत नाही. एप्रिलच्या कोरड्या दुपारी हवेतली आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली जाते, तर ऐन पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्या आसपास राहते. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलते. ओले सागवान पूर्ण वाळेपर्यंत वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आटते, तर गाभ्यापासून सालीच्या दिशेने सुमारे २.५ टक्के. या हिशेबाने लाकडातला ओलावा पाच टक्क्यांनी बदलला तर एक फूट रुंदीची बैठक जवळजवळ एक सूत फुगते किंवा आटते. ती पट्ट्यांना चिकटवून टाकली तर उन्हाळ्यात तडकते किंवा पावसाळ्यात सांधे ढकलते. म्हणून पट्ट्यांच्या आतल्या बाजूला खाच मारून त्यात सरकणारी छोटी लाकडी बटणे बैठकीला खालून धरतात. फक्त या बटणांना स्क्रू चालतो, असा अपवाद बहुतेक कारागीर करतात. पायाचा कुसूच बैठकीतून आरपार काढून वर पाचर मारायची असेल, तर पाचरीची लांबी बैठकीच्या लाकडातल्या रेषांना (तंतूंना) आडवी हवी. रेषांच्या दिशेने मारलेली पाचर बैठकीला फाडते.

नमुन्याची तपासणी निर्दयपणे करावी. तो सपाट शहाबादी फरशीवर ठेवून डुगडुगतो का पाहायचे. डुगडुगला तर पायांखाली लाकडाच्या पातळ चपट्या सरकवून बैठक समतल करायची, एका ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरून चारी पायांभोवती एकाच उंचीची रेघ फिरवायची आणि तिच्यावर कापायचे. मग घरातल्या सगळ्यांत वजनदार माणसाला बसवून मागे-पुढे कलायला सांगायचे. पाइन सागवानापेक्षा मऊ असते, त्यामुळे त्यात जिथे कुसवाची कड चेपते तिथेच पट्टी रुंद करायची गरज असते. चारआठ दिवस स्टूल स्वयंपाकघरात वापरावे. आडणी पायाला टोचते का, उचलताना हात कुठे जातो, हे तेव्हाच कळते.

पॉलिशबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. पॉलिश पेपर रेषांच्या दिशेने फिरवावा. जवसाचे तेल किंवा चपडी लाखेचे पॉलिश सागवानाला शोभते. पाणी सांडणाऱ्या जागी लाख टिकत नाही, पांढरे डाग पडतात. नमुन्याला काहीच लावू नये, कारण कोऱ्या लाकडावर फट लगेच दिसते.

तपासणी संपली की नमुन्याचा एक पाय सांध्यातून उभा चिरतात. आत कुसू भोकाच्या भिंतींना कुठे भिडला, कुठे कागदभर फट राहिली, तळाशी किती जागा सुटली, सगळे करवतीच्या कापात उघडे पडते. फटीशेजारी पेन्सिलीने माप लिहून तो अर्धा सांधा टेबलावर समोर ठेवतात, आणि मगच सागवानाची पहिली पट्टी शिकंज्यात धरतात.